ठाण्यात छोटी बैठक भरवताना: आधी कलाकाराचा ‘सा’, मग हॉल

सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये किंवा एखाद्या छोट्या सभागृहात पन्नास-साठ श्रोत्यांसाठी शास्त्रीय गायनाची बैठक भरवायची असे ठरले, की आपल्याकडे पहिला फोन बहुधा हॉलच्या बुकिंगसाठी जातो. हॉल मिळतो, तारीख ठरते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे निमंत्रण तयार होते. मग त्या तारखेला मोकळा असलेला गायक, मिळेल तो तबलावादक आणि गेल्या महिन्यात कुणाच्या तरी बारशाला आलेला साउंडवाला अशी जमवाजमव सुरू होते. बैठका फसतात त्या बहुतेक या उलट्या क्रमामुळे. योग्य क्रम असा: आधी कलाकार आणि त्याची पट्टी (म्हणजे तो ज्या उंचीचा स्वर ‘सा’ धरून गातो ती), त्यावरून साथ आणि वाद्ये, मग वेळ, मग जागा, मग परवानग्या आणि ध्वनिव्यवस्था, आणि निमंत्रण सर्वांत शेवटी.

पुढील सर्व हिशेब ख्यालगायनाच्या, अडीच ते पावणेतीन तासांच्या बैठकीचा आहे. तयारीसाठी आठ आठवडे हाताशी असावेत. सहा आठवड्यांत जमते, त्याहून कमी वेळात धावपळ होते आणि धावपळीत पहिला बळी वाद्यांचा जातो.

टप्पा १: कलाकाराशी पहिले बोलणे

पहिल्या फोनवर तारीख आणि मानधन एवढेच बोलून फोन ठेवू नये. वही घेऊन बसावे आणि पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पट्टी. पुरुष गायक साधारणतः पांढरी एक ते काळी दोन या दरम्यान गातात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाच या दरम्यान (ही संवादिनीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची नावे). पण अंदाज बांधू नये, विचारावे. या एका उत्तरावर तबला कोणता लागेल, तानपुरे कोणते लागतील हे ठरते, आणि आयोजक नेमके हेच विचारायला विसरतात.

दुसरी गोष्ट साथीदारांची. बहुतेक गायकांचे ठरलेले तबला आणि संवादिनीचे साथीदार असतात. ते येणार असतील तर त्यांचे मानधन गायकाच्या आकड्यात धरलेले आहे की वेगळे द्यायचे, हे त्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे. ‘तेवढ्यात सगळे आले’ असे आपण गृहीत धरतो, ‘साथीचे वेगळे’ असे गायकाने गृहीत धरलेले असते, आणि हा गैरसमज बाहेर येतो तो थेट बैठक संपल्यावर, चपला घालताना. तोवर कुणाचाच इलाज नसतो.

तिसरी गोष्ट येण्या-जाण्याची. कलाकार पुण्याहून येणार असेल आणि बैठक सकाळची असेल तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आपणच करायची असते. मुंबईतून येणार असेल तर गाडी पाठवावी. तानपुरा आणि तबल्याच्या बॅगा घेऊन लोकलने या, असे कुणालाही सांगू नये.

चौथी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ प्रमाणे सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणून मुद्रण करायचे का, केले तर ते फक्त संग्रहासाठी की यूट्यूबवर टाकण्यासाठी, याची लेखी संमती घ्यावी. मेसेजवरची संमती चालेल. मध्यंतरात चहाच्या कपासोबत घेतलेली तोंडी संमती चालणार नाही.

तपासणी: फोन ठेवल्यानंतर तासाभरात हे सर्व मुद्दे कलाकाराला मेसेजने पाठवावेत आणि ‘बरोबर’ असे उत्तर येईपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

टप्पा २: साथ आणि वाद्ये

तबल्याच्या तोंडाचा व्यास आणि त्याचा स्वर यांचा थेट संबंध असतो. काळी एकसाठी साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा टिपेचा, म्हणजे उंच स्वराचा, तबला लागतो. काळी चार किंवा काळी पाचसाठी सहा इंचांहून मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या स्वराचा, तबला लागतो. एकच तबला गट्ठे (वादीखाली बसवलेले लाकडी ठोकळे) ठोकून एक-दोन पट्ट्या वर-खाली नेता येतो, त्यापलीकडे नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच एका बैठकीत गायिकेची पट्टी काळी चार होती आणि आम्ही परस्पर ठरवलेले तबलावादक काळी एकचा एकच तबला घेऊन आले. त्यांनी गट्ठे वर ठोकून स्वर उतरवायचा प्रयत्न केला, पण दोन पट्ट्या खाली जाताच किनारीचा ठणका गेला आणि नुसता बद्द आवाज येऊ लागला. शेवटी तबला होता तिथेच, काळी एकवर ठेवला. काळी एक म्हणजे काळी चारचा शुद्ध मध्यम. गायिकेने पूरिया धनाश्री योजला होता आणि त्या रागात मध्यम फक्त तीव्र. प्रत्येक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तबला रागात नसलेला स्वर ठणकावणार, हे त्यांच्या दोन आवर्तनांतच लक्षात आले. श्रोत्यांना कळू न देता त्यांनी हळूच केदारात प्रवेश केला, जिथे शुद्ध मध्यमाला मान आहे. लोकांनी केदाराला भरभरून दाद दिली. आम्ही आयोजक मात्र मागच्या भिंतीला टेकून घाम पुसत होतो.

म्हणून साथीदार आपण ठरवत असलो तर तबलावादकाला पट्टी सांगावी, एवढेच नव्हे तर ‘दोन तबले आणाल ना?’ असेही विचारावे. चांगला वादक न सांगता दोन आणतो. तरीही विचारावे.

तानपुरे शक्यतो खरे आणि दोन असावेत. स्त्रियांच्या पट्टीचा तानपुरा आकाराने लहान असतो, पुरुषांचा मोठा आणि जाड तारांचा. एकाच्या जागी दुसरा ताणून किंवा सैल करून चालत नाही. कलाकार स्वतःचे तानपुरे आणणार नसेल तर ओळखीच्या गायनवर्गाकडून किंवा वाद्यांच्या दुकानातून भाड्याने घ्यावेत, आणि घेताना जाणकार माणसाने ते लावून पाहावेत. खर्जाची (सर्वांत खालच्या ‘सा’ची) तार छेडल्यावर तिच्या पाठीमागून गांधार ऐकू येत असेल तर जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारा झंकार, ठीक आहे. नुसता ‘टण्’ असा आवाज येऊन विरून जात असेल तर दुसरा तानपुरा मागावा. सोबत पोलादी आणि पितळी अशा दोन्ही जास्तीच्या तारा आणि जवारीसाठी थोडा सुती दोरा घ्यावा.

तानपुरा धरायला बसणारे विद्यार्थी आधीच ठरवावेत. ‘कोणी तरी बसेल’ म्हणून मागे ठेवलेल्या या जागेवर अखेरीस सचिवांची भाची बसते आणि तासाभराने तिचा पाय आखडतो. तानपुऱ्यावर बसणाऱ्यास लय न धरता सलग, एकसारखे छेडता आले पाहिजे आणि अडीच तास मोबाइलशिवाय बसता आले पाहिजे. दुसरी अट अलीकडे जास्त अवघड ठरते.

इशारा: इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरील अ‍ॅप जोडीला ठेवण्यास हरकत नाही, पण त्यासाठी वापरायचा मोबाइल विमान मोडवर असला पाहिजे. मध्येच कुणाच्या जावयाचा फोन वाजला तर तो थेट स्पीकरमधून वाजतो.

टप्पा ३: वेळ ठरवणे

बैठकीची वेळ श्रोत्यांच्या सोयीने ठरवतात. ती रागाच्या सोयीनेही ठरवावी. सकाळची बैठक असेल तर ललित, तोडी, अहिर भैरव असे राग मिळतात. सूर्यास्ताच्या सुमारास मारवा, पूरिया धनाश्री, श्री. त्यानंतर यमन, केदार, बिहाग, बागेश्री. मालकंस आणि दरबारी कानडा रात्री उशिराचे राग. दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करायच्या शहरात ते ऐकायचे तर बंदिस्त जागा किंवा मायक्रोफोनशिवाय बैठक, एवढेच मार्ग उरतात.

संध्याकाळच्या बैठकीत सर्वांत मोठे नुकसान संधिप्रकाशाच्या रागांचे होते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. निमंत्रणावर सहा लिहायचे, लोक साडेसहापर्यंत यायचे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार करता करता सव्वासात वाजायचे, आणि मग मारव्याची तयारी करून आलेल्या गायकाने यमन सुरू करायचा, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. कलाकाराला संधिप्रकाशाचा राग गायचा असेल तर गाणे साडेपाचला सुरू झाले पाहिजे. ते जमणार नसेल तर आधीच सांगून टाकावे.

छोट्या बैठकीसाठी माझा कौल रविवारी सकाळी सातचा. घोडबंदर रोडवर तेव्हा वाहतूक तुरळक असते, इमारतीत पाणी आणि लिफ्टची वर्दळ कमी असते, सकाळचे राग एरवी सभागृहांत क्वचितच ऐकायला मिळतात. पावणेदहापर्यंत बैठक आटोपली की डोंबिवलीचे आणि दादरचे श्रोते रविवारच्या मेगाब्लॉकपूर्वी स्टेशन गाठू शकतात. दुपारची वेळ ठेवणाऱ्यांनी मध्य रेल्वेचे आणि ठाणे-वाशी मार्गाचे ब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावे आणि ते श्रोत्यांना कळवावे.

टाळावयाचे दिवस: गणेशोत्सव, दहीहंडी, नवरात्र, लग्नसराईतले मुहूर्त आणि शालान्त परीक्षेचे आठवडे. दिवाळी पहाटेच्या दिवशी तलावपाळी आणि राम मारुती रोड परिसरात तरुणाईची जी गर्दी लोटते, त्या दिवशी नौपाड्यात बैठक ठेवणे म्हणजे कलाकाराची गाडी अडकवून घेणे होय. पावसाळ्यात बैठक घेता येते, पण दमट हवेत वाद्यांची कातडी सैल पडते आणि डग्गा (तबल्याच्या जोडीचे डाव्या हाताचे वाद्य) घुमण्याऐवजी धपधपतो. तशा दिवसांत वाद्ये हॉलवर दोन तास आधी आणून स्थिरावू द्यावीत.

टप्पा ४: जागा पाहणे

आता हॉलकडे वळावे. साठ माणसांच्या बैठकीसाठी गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाचे मुख्य सभागृह घेणे ही हौस आहे. रिकाम्या खुर्च्या गायकाला दिसतात आणि आवाज त्यांच्यावरून परत येतो. घाणेकरचे मिनी थिएटर, घंटाळीच्या सहयोग मंदिरासारखी सभागृहे, शाळांचे हॉल आणि सोसायट्यांची क्लब हाउसे हे आपले खरे पर्याय आहेत.

हॉल दिवसा मोकळा पाहू नये, ज्या वारी आणि ज्या वेळी बैठक आहे त्याच वारी त्याच वेळी पाहावा. मंगळवारी दुपारी शांत वाटलेल्या क्लब हाउसच्या डोक्यावर रविवारी सकाळी झुंबा चालतो, हे मंगळवारी कळत नाही.

आत गेल्यावर पुढील क्रमाने पाहणी करावी.

पहिली टाळीची परीक्षा. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एकदाच जोरात टाळी वाजवावी आणि आवाज विरेपर्यंत ऐकावे. लगेच विरला तर उत्तम. मागे ‘च्यांव’ असा धातूसारखा थरथरता आवाज उरला, तर समोरासमोरच्या भिंती कोऱ्या आणि कडक आहेत असे समजावे. घोडबंदर पट्ट्यातील नव्या क्लब हाउसांत गुळगुळीत टाइल आणि एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच असते. तिथे द्रुत तान एकमेकींवर चढून चिखल होतो. उपाय स्वस्त आहेत: पूर्ण जमिनीवर सतरंज्या, काचेवर जाड पडदे, मागच्या भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या गाद्या. हे सर्व टाकून पुन्हा टाळी वाजवावी. साठ माणसे बसली की आणखी फरक पडतो, पण त्या भरवशावर राहू नये.

दुसरी आवाजांची परीक्षा. पंखे, वातानुकूलन आणि दिवे सर्व चालू करून दोन मिनिटे गप्प उभे राहावे. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, लिफ्टच्या यंत्राचा धक्का, पाण्याच्या पंपाची घरघर यांपैकी काय ऐकू येते ते लिहून घ्यावे. पंपाची वेळ बदलता येते, वॉचमनला सांगून ठेवावे लागते. बैठकीच्या जागेवर छताचा पंखा येत असेल तर जागा हलवावी. पंख्याच्या पात्यांनी आवाज कापला जातो आणि मायक्रोफोनमध्ये वारा शिरतो तो वेगळाच.

तिसरी ऊन आणि गारव्याची परीक्षा. सकाळच्या बैठकीत पूर्वेकडील काचेतून येणारे ऊन साडेआठला नेमके कुठे पडते ते पाहावे. तानपुऱ्यावर ऊन पडले की तारा उतरतात. वातानुकूलनाचा झोतही थेट वाद्यांवर येऊ नये. यंत्र गाण्याच्या किमान एक तास आधी सुरू करून एकाच तापमानावर ठेवावे. मध्येच कुणाला उकडले म्हणून वाढवले आणि कुणाला थंडी वाजली म्हणून बंद केले, की तबल्यावर हातोडी वाजत राहते आणि गाण्याचा धागा तुटतो.

चौथे, बसण्याची मोजणी. खाली बसणाऱ्या माणसाला सुमारे सहा चौरस फूट आणि खुर्चीला आठ ते दहा चौरस फूट धरावेत. सहाशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये बैठकीची जागा आणि ये-जा करण्याची वाट सोडली तर पन्नास-पंचावन्न माणसे सुखाने बसतात. ‘ऐंशी मावतील’ असे हॉलचा व्यवस्थापक सांगतो तेव्हा त्याच्या मनात उभी माणसे असतात.

कलाकारांसाठी मंच किमान बारा फूट बाय आठ फूट आणि आठ ते बारा इंच उंच असावा. त्यावर चालून पाहावे. फळी करकरली तर खाली पुठ्ठा सारून ती बसवावी. वर सतरंजी, पातळ गादी आणि घट्ट खोचलेली पांढरी चादर. जाड, मऊ गादी टाळावी, तीत तबल्याची चुंबळ (खालची गोल बैठक) रुतते आणि तबला डुलतो. साधारणपणे गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला संवादिनी असते, तानपुरे मागे. वाद्यवादनात मांडणी बदलते, म्हणून विचारून घ्यावे.

श्रोत्यांसाठी पुढे बिछायत आणि लोड, मागे व दोन्ही कडांना खुर्च्या. ज्येष्ठांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून खुर्च्या पहिल्या रांगेत ठेवण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे खाली बसलेल्यांना खुर्च्यांच्या पायांकडे पाहत गाणे ऐकावे लागते. खुर्च्या कडांना लावल्या की ज्येष्ठांनाही जवळून ऐकता येते.

तपासणी: वाद्ये लावण्यासाठी बंद दार असलेली वेगळी खोली आहे का? नसेल तर जिमच्या शेजारची भांडारखोली मोकळी करून घ्यावी. श्रोत्यांच्या गप्पांत बसून तानपुरा लागत नाही.

टप्पा ५: परवानग्या

सोसायटीच्या व्यवस्थापन समितीची परवानगी लेखी घ्यावी, तीत हॉलची वेळ वाद्ये आणण्यापासून साफसफाईपर्यंत धरून लिहावी. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्याला बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला रात्रीही आतल्या आत ध्वनिक्षेपक वापरण्याची मुभा नियमात आहे, पण आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरात ती आणखी कमी आहे. गच्ची किंवा आवार वापरायचे असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा आणि पोच घेतलेली प्रत बैठकीच्या दिवशी खिशात ठेवावी. प्रवेशशुल्क ठेवायचे असेल तर इतर नियम लागू होतात. त्यासाठी कर सल्लागाराशी आधी बोलावे.

टप्पा ६: ध्वनिव्यवस्था

शांत, सतरंज्या टाकलेल्या हॉलमध्ये चाळीस माणसांसाठी मायक्रोफोन लागतच नाही. गायकाची तयारी असेल तर तसे करून पाहावे. आवाजाचा मूळ पोत ऐकू येण्याची ती एकमेव संधी असते. साठांच्या पुढे मात्र ध्वनिव्यवस्था हवी.

साउंडवाला निवडताना ‘ऑर्केस्ट्रा करता का?’ असे विचारू नये, ‘तानपुऱ्याला वेगळा माइक लावता का?’ असे विचारावे. गोंधळलेला चेहरा दिसला तर दुसरा माणूस शोधावा. आवश्यक साहित्य असे: गळ्यासाठी एक, तबल्यासाठी एक, डग्ग्यासाठी एक, संवादिनीसाठी एक, तानपुऱ्यांसाठी एक असे पाच मायक्रोफोन, बैठ्या उंचीचे स्टँड, समोर दोन स्पीकर आणि गायकाकडे तोंड केलेला किमान एक मॉनिटर.

सोसायटीच्या मालकीच्या मिक्सरवर ‘इको’ लिहिलेले एक बटण असते. वाढदिवसाच्या कराओकेत ते कायम अर्ध्यावर फिरवलेले असते. ते शून्यावर आणावे आणि त्यावर चिकटपट्टी लावावी. ही थट्टा नाही. मध्यंतरात कोणी तरी उत्साही सदस्य ‘आवाज जरा भरदार करू या’ म्हणून तिथे हात घालतोच, आणि दुसऱ्या रागाची आलापी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येते.

ध्वनिचाचणीचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा तानपुरे मॉनिटरमध्ये घ्यावेत आणि गायकाला ते स्पष्ट ऐकू येतात याची खात्री करावी. मग गळा. मग तबला, मग डग्गा, शेवटी संवादिनी. उलट केले की तबला आधीच मोठा झालेला असतो, त्याच्यावर गळा चढवावा लागतो, मग तानपुरा ऐकू येईनासा होतो, तो वाढवला की शिट्टी वाजते. शिट्टी आल्यावर आवाज कमी करण्याऐवजी आधी मॉनिटरचा कोन आणि मायक्रोफोनची जागा तपासावी.

वीज: ध्वनियंत्रणा आणि वातानुकूलन एकाच विद्युतवाहिनीवर नसावे, नाही तर यंत्राचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये ठोका ऐकू येतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय काही कामगारांना असते. तसे दिसले तर काम थांबवावे, कारण तिथून घरघर येते आणि शॉकचाही धोका असतो.

टप्पा ७: निमंत्रण

आता निमंत्रण पाठवावे, बैठकीच्या तीन आठवडे आधी, आणि आठवण दोन दिवस आधी. त्यात दार उघडण्याची आणि गाणे सुरू होण्याची अशा दोन वेगळ्या वेळा लिहाव्यात: ‘दार ६.३०, गायन ७.००’. पार्किंग किती गाड्यांचे आहे, गेटवर कोणाचे नाव सांगायचे, स्टेशनवरून कोणत्या नाक्यापर्यंत शेअर रिक्षा मिळते, हे लिहावे. पाहुण्यांची यादी आदल्या रात्री गेटवर द्यावी, नाही तर सातला पाच कमी असताना तीस माणसे वॉचमनच्या वहीत नावे लिहीत रांगेत उभी राहतात.

निमंत्रणावर प्रमुख पाहुणे म्हणून लोकप्रतिनिधींचे नाव घालण्याची गरज आहे का, याचा एकदा शांतपणे विचार करावा. ते उशिरा येतात, आले की गाणे थांबते, आणि थांबलेली आलापी पुन्हा त्याच ठिकाणाहून सुरू होत नाही.

टप्पा ८: बैठकीचा दिवस

सकाळी सातच्या बैठकीचा वेळपट असा ठेवावा. वातानुकूलन, मंच आणि सतरंज्या आदल्या रात्री लावून, तपासून ठेवाव्यात. जांभळी नाक्यावरून फुलेही आदल्या संध्याकाळी आणावीत. मंचाच्या कडेला फुलांची आरास मोठी करू नये, मायक्रोफोनच्या केबल तीत अडकतात.

५.१५: वातानुकूलन सुरू, वाद्ये आत.
५.३०: साउंडवाला मायक्रोफोन आणि केबल लावून तयार.
५.४५: कलाकार हजर, कोमट पाणी आणि चहा. काय हवे-नको ते आदल्या दिवशी विचारलेले असावे. पहाटे पोहे खाऊन गाणारे थोडेच असतात.
६.००: तानपुरे आणि तबला वेगळ्या खोलीत लावणे.
६.१०: ध्वनिचाचणी, वीस मिनिटे.
६.३०: दार उघडणे. यानंतर मंचावर कोणीही जाऊ नये.
६.५५: कलाकार मंचावर, शेवटची सुरावट.
७.००: निवेदन, जास्तीत जास्त पाच मिनिटे.

निवेदनात कलाकाराचे नाव, गुरू, साथीदारांची नावे आणि मोबाइल बंद करण्याची विनंती एवढेच असावे. साथीदारांची नावे बरोबर उच्चारली जातात की नाही ते आधी त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे. शाल-श्रीफळ मध्यंतरात द्यावे. त्यामुळे सुरुवातीची पंधरा मिनिटे वाचतात, आणि नारळ ठेवायला जागा शोधत गायकाला गाण्यास बसावे लागत नाही.

टप्पा ९: बैठक चालू असताना

पहिल्या रागाला विलंबित आणि द्रुत मिळून पन्नास मिनिटे ते तासभर, दुसऱ्याला अर्धा तास, पंधरा मिनिटांचे मध्यंतर, मग एखादा छोटा राग, नाट्यगीत किंवा अभंग आणि भैरवी, असा साधारण अंदाज धरावा. गायकाला मिनिटांचा कागद देऊ नये. वेळ संपत आल्याची खूण करायची असेल तर कोणती ते आधी ठरवावे. मंचाखालून घड्याळ दाखवणारा आयोजक सर्व श्रोत्यांना दिसतो.

दाराशी एक शांत स्वभावाचा माणूस उभा करावा. उशिरा येणाऱ्यांना त्याने दोन रागांच्या मध्ये, किंवा फार तर विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होण्याच्या क्षणी आत सोडावे. ‘पाचच मिनिटे थांबा’ हे त्याला हसत म्हणता आले पाहिजे. फरमाईश चिठ्ठीने आणि फक्त मध्यंतरात घ्यावी. भैरवी सुरू झाली की फर्माइशी बंद. भैरवीनंतर ‘एक भजन होऊन जाऊ द्या’ असा आग्रह करणे, जेवण झाल्यावर पुन्हा पान वाढण्यासारखे आहे.

इशारा: चहा आणि बटाटेवड्याची भांडी हॉलला लागून ठेवू नयेत. विलंबित एकतालाच्या आठव्या मात्रेवर तेलाच्या कढईचा चर्र आवाज आला तर दोष आचाऱ्याचा नसतो.

टप्पा १०: उठल्यानंतर

मानधनाची पाकिटे नावे घालून, साथीदारांची वेगळी, आदल्या दिवशीच तयार ठेवावीत आणि गर्दी पांगण्याची वाट न पाहता आतल्या खोलीत द्यावीत. बँकेतून पाठवायचे असेल तर त्याच दिवशी पाठवावे आणि पावतीचा मेसेज करावा. ‘सोमवारी करतो’ म्हटलेले मानधन पुढच्या सोमवारपर्यंत जाते, आणि पुढच्या हिवाळ्यात तेच तबलावादक आपल्या फोनला ‘त्या दिवशी बाहेरगावी आहे’ असे उत्तर देतात.

तानपुरे खोळीत घालण्यापूर्वी तारा थोड्या उतरवाव्यात, भोपळ्याला कुठे तडा गेला आहे का ते बोटाने चाचपावे, आणि गाडीत ते मागच्या आसनावर माणसाने धरूनच न्यावेत. डिकीत घातलेल्या तानपुऱ्याचे काय होते, हे घोडबंदर रोडवरच्या एका खड्ड्याने आम्हाला एकदा शिकवले आहे. भाड्याने आणलेला होता, भरपाईची रक्कम अजून आठवते.